मुरलीच्या उजव्या हातातलं डंबेल

मी डंबेल आहे. पाच किलोचं, ओतीव लोखंडाचं. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसलं आलंय आत्मवृत्त? खरंय. आमच्या जातीचं काम एकच, कोणी उचललं की वर जायचं आणि सोडलं की खाली यायचं. पण ज्याच्या हातात मी राहिलो त्या मुलाचं जे झालं, ते माझ्याइतकं जवळून कोणीच पाहिलेलं नाही. म्हणून सांगतो.

कोइमतूरच्या एका कारखान्यात लाल रसासारखा मी साच्यात ओतला गेलो. थंड झालो, काळा रंग चढला. त्याच साच्यातून माझा जोडीदार निघाला. आम्हा दोघांची तंजावूरच्या एका दुकानात रवानगी झाली आणि तिथे धूळ खात पडलेलो असताना एक दिवस मुरलीकृष्ण आला. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होता. काडीसारखा, पण डोळे असे की जणू उद्याच हनुमंत होणार! घरी नेल्याबरोबर त्याने माझ्या दांड्याला लाल दोरा गुंडाळला.

"तू उजवा," तो म्हणाला. जोडीदार झाला डावा.

घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. घरातली बोली मराठी, पण तमिळच्या चालीवर झुलणारी. दोन वाक्यांत एक 'अय्यो' हवाच. वडील श्रीनिवासराव वीज कार्यालयात. आई कनकलता. धाकटी बहीण विनुता, अकरावीत. आमचा मुक्काम गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत.

मुरलीचं वेड नुसतं आमच्यापुरतं नव्हतं. पहाटे शिवगंगा बागेपर्यंत धावत जायचा. आल्यावर आम्हाला हाती धरायचा. मग मोड आलेले मूग, नाचणीची कांजी, उकडलेली अंडी. अंडी मात्र गच्चीवरच, कारण स्वयंपाकघरात त्यांना मज्जाव होता. परोट्टा त्याने सोडला, कॉफीतली साखर सोडली, आणि स्वतः सोडून भागेना म्हणून सगळ्या घराची सोडवायला निघाला. अप्पांच्या ताटातला अप्पळम, म्हणजे तळलेला पापड, उचलून घ्यायचा.

"अरे, मी नोकरी करतो, तुझा शिष्य नव्हे," श्रीनिवासराव कुरकुरायचे. पण अप्पळम परत मागायचे नाहीत. मुलाचे दंड भरत चाललेले बघून त्यांना आतून बरंच वाटत असावं.

मलाही वाटायचं. त्याच्या तळहाताला घट्टे पडले, ते माझ्यामुळे. आम्ही दोघे एकदमच डोक्यावर जायचो आणि वरून राजवाड्याचा उंच मनोरा दिसायचा. ते दिवस फार चांगले होते.

एका रविवारी त्याने मला पिशवीत घातलं आणि ओरत्तनाडूच्या बसमध्ये बसला. तिथे त्याचा मामा राहतो, चिदंबर. चाळिशी नुकती ओलांडलेली, पण कित्येक वर्षं खुर्चीला खिळलेला. घरात सगळे म्हणत, 'वाताने धरलंय.' मुरलीचं मत वेगळं होतं.

"मामा, तू हललाच नाहीस म्हणून असं झालं. रोज थोडं थोडं कर. मी शिकवतो." आणि त्याने मला मामाच्या हातात दिलं.

त्या हाताची पकड मला अजून आठवते. बोटं घट्ट होती, मांडीवरून मला वीतभर उचललंही. पण त्याच्या पुढे खांदाच नव्हता. म्हणजे होता, पण सदरा खुंटीला टांगलेला असावा तसा. मी सुटलो आणि फरशीवर आदळलो. मामा हसला.

"कण्णा, मीही कबड्डी खेळत होतो रे. तुझ्याएवढा असताना मजला कोणी धरू शकत नव्हतं."

"मग सोडलंस कशास? आळस केलास, मामा."

मामा खिडकीबाहेर बघत राहिला. मुरलीने मला उचलून पिशवीत टाकलं आणि बसमध्ये सगळी वाट त्याच्या मनात मामासाठी व्यायामाचे बेत चालले होते. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता हो. घाम गाळला की शरीर ऐकतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. आणि त्याचं शरीर तोवर ऐकतही होतं.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा झाल्यानंतरची गोष्ट. डावा वर गेला आणि मी कानाशीच अडलो. मुरलीला वाटलं, झोप कमी झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने दात खाऊन मला वर ढकललं, तर त्याचं सगळं अंग डावीकडे वाकलं. त्याच्या हाताला कळण्याआधी मला कळलं होतं. त्याची मूठ तीच होती, घट्टे तेच होते, पण मुठीच्या मागून जे बळ यायचं ते कोणीतरी थोडं थोडं काढून नेत होतं.

आणि मला हलकं होता येत नव्हतं. लोखंडाचं दैव असं की त्याला दयाही करता येत नाही.

मुरलीने मार्ग काढला तो त्याच्या स्वभावाला धरून. कष्ट वाढवले. शिवाय एका जिममध्येही जाऊ लागला. तिथल्या प्रशिक्षकाने सांगितलं, "तंबी, उजवा मागे पडलाय, त्याला जास्त काम दे." झालं! डाव्याला विश्रांती आणि मला दुप्पट फेऱ्या. मूग वाढले, अंडी वाढली, कसलीशी पांढरी पूड दुधातून सुरू झाली. जितका तो मला उचली, तितका खांदा उतरत गेला. थांब म्हणून ओरडावंसं वाटायचं. तोंड कुठे होतं मला?

एका सकाळी तो बनियन काढून व्यायाम करत होता. विनुता चटया उन्हात घालायला वर आली.

"अण्णा, तुझ्या पाठीत हे काय?" ती हसली. "पंख फुटतोय का तुजला?"

खरंच, उजव्या फऱ्याचं हाड पाखराच्या पंखासारखं मागे उचललं होतं. तिने आईला हाक मारली. कनकलता हात पुसत वर आल्या, मुलाच्या पाठीकडे पाहिलं, आणि जिन्याचा कठडा धरून तिथेच खाली बसल्या.

"अम्मा? काय झालं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "शर्ट घाल. अप्पाला सांग, इस्पितळात जायचंय."

इस्पितळात मी गेलो नाही. जे कळलं ते गच्चीवरच्या बोलण्यातून. रक्त चेन्नईला पाठवलं होतं. उत्तर आलं, त्या दुपारी मुरली टाकीला टेकून बसला. आई समोर.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा स्नायूंचा आजार आहे, रक्तातून पिढीजात चालत आलेला. औषध नाही. किती वाढेल, कुठे थांबेल, सांगता येत नाही. हलकं चाल, पोह. पण जड वजन आता उचलू नकोस.

"मी काय चुकलो, अम्मा?" मुरली म्हणाला. "तेलकट खाल्लं नाही. झोप वेळेवर. एक विडी ओढली नाही. माझ्या वर्गातली मुलं बघ, काय वाटेल ते खातात."

"तू काही चुकला नाहीस, बाळा."

"मग?"

कनकलताबाईंनी आपला उजवा हात उचलायला सुरुवात केली. खांद्यापर्यंत आला आणि थांबला. डाव्या हाताने त्यांनी त्याला कोपराखाली आधार देऊन आणखी थोडा वर नेला, आणि सोडून दिला.

"विनुताच्या जन्मापासून असं आहे," त्या म्हणाल्या. "वेणी घालायला वेळ लागतो, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. बस, एवढंच. मजला वाटलं, चिदंबरला जे आलं ते त्याच्यापाशी संपलं. माझ्यात थोडं आलं, ते माझ्यापाशी संपेल. तू धावायला लागलास तेव्हा मी देवळात तुपाचा दिवा लावला रे. म्हटलं, याला नाही."

मुरली एकदम म्हणाला, "मामाला मी आळशी म्हणालो."

दुसऱ्या दिवशी तो ओरत्तनाडूला गेला. या वेळी मला नेलं नाही. मामा-भाचे काय बोलले कोणास ठाऊक. परत आल्यावर विनुताने विचारलं, तर म्हणाला, "काही नाही. त्याची दाढी करून दिली."

आता तिसरं वर्ष चाललंय त्याचं. मित्र विचारतात, "जिम सोडलीस का रे?" तो सांगतो, परीक्षा आहे. संध्याकाळी शिवगंगेच्या बाजूने चालायला जातो. भांग डाव्या हाताने पाडतो. मूग अजून रोज भिजत घालतो. ते कशासाठी, हे त्याला घरात कोणी विचारत नाही.

आम्ही दोघे टाकीखाली पडून आहोत. माझ्यावर गंज चढू लागलाय. जोडीदाराला न्यायला एकदा मुरलीचा एक मित्र आला होता, पण मुरली म्हणाला, "जोडी फोडायची नाही." मग मित्र जोडीच मागू लागला. तेव्हा मुरली खाली निघून गेला.

बागेत एखादा तरुण मुलगा बाकावर बसून राहिलेला तुम्हाला दिसला, तर त्याला व्यायामाचं महत्त्व सांगू नका. एवढंच मागणं. त्याला ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आणि एक राहिलं. डॉक्टरांनी विनुताचंही रक्त तपासून घ्या म्हटलं होतं. ती नको म्हणाली. "कळून काय करायचंय? औषध तर नाही ना?" श्रीनिवासराव रागावले, मग रडले, मग तो विषय घरात बंद झाला.

काल दुपारी ती एकटी वर आली. जिन्याचं दार लोटून घेतलं. टाकीखालून मला ओढलं, गंज ओढणीने पुसला आणि उजव्या हातात घेतलं. पकड नवखी होती, तळहात मऊ, घामाने ओला. माझी सवय नसलेला हात, थरथरणारच. पण ती थरथर नवखेपणाची की दुसऱ्या कशाची, ते मलाही कळेना, आणि या घरात ते सगळ्यांत आधी मला कळतं.

"विनुता, वर काय करत्येस ग?" खालून कनकलताबाईंची हाक आली.

तिने डोळे मिटले आणि मला उचललं. कोपर, खांदा, कान. मी सगळं लोखंड एकवटून वर बघत होतो. हात सरळ झाला. राजवाड्याचा मनोरा दिसला.

काल तरी दिसला.