रेडिओखालच्या चाळीसजणी

“एवढं खाऊन एक अंडं जड जातं व्हय हिला,” माझ्या पोटाखाली हात घालून ताहेराभाभी पुटपुटल्या. कोणाकोणाला समजावत बसायचं?

मित्रांनो, मी एक जुनी, तांबडी, अंडी देणारी कोंबडी आहे. यंत्राच्या उबेत जन्मले, तेव्हा आईबद्दल विचारू नका. चार महिन्यांची असताना टेम्पोतून चाकणजवळ आले, ताहेराभाभी आणि त्यांचे नवरे कादरभाई यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आम्ही चाळीसजणी. त्यात माझ्यासारख्या थंड डोक्याच्या पाच-सहा. बाकीच्या कावळ्याची सावली पडली तरी एकमेकींच्या अंगावर चढतात. ज्याचा त्याचा स्वभाव. तरी पहिल्या वर्षी रोज पस्तीस अंडी निघायची. शेजारच्या कुसुमताई अंडं हातात घेऊन म्हणायच्या, “कवच बघा कसं टणक हाय.”

मग कादरभाईंचा आवाज वाढला. ते कंपनीत प्रेसवर काम करतात. सोळा वर्षं कानाशी धाडधाड पत्रा दाबला जातोय. तिथे माणूस माणसाशी ओरडूनच बोलतो. ते घरीही तसंच बोलू लागले. दार आपटायचं, बादली आदळायची. प्रत्येक वेळी आम्ही सगळ्या एका कोपऱ्यात. खालच्या घुसमटायच्या, वरच्या चिडून शेजारणीची पिसं उपटायच्या. माझी शेपटी अशीच गेली. पस्तिसाची अठरा अंडी झाली, तीही पातळ कवचाची.

उपाय तरी किती. खाद्य बदललं, दिवा बदलला. गाण्यांनी कोंबड्या शांत होतात, असं कोणीतरी सांगितलं, म्हणून कादरभाईंनी शेडमध्ये रेडिओ टांगला आणि त्यांना बरा वाटेल इतका मोठा लावला. त्या दिवशी दोघींनी चालता चालता कवचाविनाच अंडं टाकलं.

ते गेले की भाभी रेडिओ बारीक करायच्या. ते आले की पुन्हा मोठा. कुसुमताई कुंपणापलीकडून सगळं बघायच्या आणि हवापाण्याचं बोलायच्या. कंपनीत कानांची तपासणी होते आणि तिच्यात नापास झालेल्याला प्रेसवर ठेवत नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मित्रांनो, कोंबडी अंडी देईना, तर तिच्यावर डाफरण्याआधी एकदा तिच्या आजूबाजूला बघा. एवढंच मागणं आहे.

आज मात्र हद्द झाली. “ही जातच भित्री,” कादरभाई दारातून गरजले. “दुपारी खाटीक येतोय. सगळ्या देऊन टाकू.” आम्ही कोपऱ्यात, मी सगळ्यांच्या तळाशी.

“कादरभाऊ, हवा पण बदलली ना, म्हणून...” कुसुमताईंनी कुंपणावरून सुरुवात केली.

“काय?”

“हवा, म्हटलं.”

“आं?”

भाभींनी त्यांच्या पाठीमागे जाऊन रेडिओ बंद केला. गाणं मधेच तुटलं. कादरभाईंना पत्ता नाही. रेडिओच्या वरताण आवाज चढवून बोलायची सवय होती, तसेच ते ओरडत राहिले, खाद्यावर, आमच्यावर, आमच्या जातीवर.

भाभी समोर आल्या. ओठ दिसावेत म्हणून पदर बाजूला केला आणि सावकाश म्हणाल्या, “कोंबड्या चांगल्या हायत. तुम्हाला ऐकू येईना झालंय.”