दारातली धडधाकट गाडी

मी सिद्धलिंगप्पांची पांढरी गाडी बोलतेय. जुळे सोलापुरात, विजापूर रस्त्यावरून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत, लोखंडी फाटकामागं कापडाखाली झाकलेली दिसते ना, तीच मी. एक गोष्ट आधी सांगूनच टाकते. माझ्यात काहीसुद्धा बिघाड नाही. बॅटरी ठणठणीत, चारी टायरांत हवा, ऑइल वेळच्या वेळी बदललेलं. किल्ली फिरवली की मी पहिल्या दमात चालू होते. दोन वर्षं या घरात माझ्या नावानं जी खापरं फुटली, ती सगळी खोटी होती.

माझा जन्म कारखान्यात झाला. तो सगळ्याच गाड्यांचा होतो, त्यात काय सांगायचं! माझं खरं आयुष्य सुरू झालं ते अप्पा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा. त्यांची बायको काशम्मा. तिचे गुडघे पार गेलेले, एसटीची पायरी काही केल्या चढवेना. तिची थोरली बहीण नागम्मा विजापूर रस्त्यावरच पुढं, मंद्रूप गावात. आई लवकर गेली म्हणून नागम्मानंच काशम्माला लहानाची मोठी केली होती. अप्पांनी मला घेतलं ते या एका फेरीसाठी.

दर सोमवारी आम्ही निघायचो. काशम्माच्या मांडीवर शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरी. तिकडे पोचलो की नागम्मा काठी टेकत बाहेर यायची आणि बहिणीच्या आधी माझ्याच बॉनेटवर थाप मारायची. "बरी हाईस का गं? माझ्या काशीला आणलंस व्हय!" एवढ्यानं मी फुलून जायची, खोटं कशाला बोलू? परत निघताना डिकीत मेथीची जुडी, ज्वारीची पिशवी हमखास पडायची.

मग एके दिवशी अप्पा एकटेच मला घेऊन हवा भरायला निघाले. डावीकडून मोटरसायकल आली, ती त्यांना दिसलीच नाही. माझा आरसा तिला घासला. नशीब, कुणी पडलं नाही. तो माणूस मात्र ओरडला, "ओ काका, डोळे घरी ठिवलेत का?" अप्पा हवा न भरताच मला घेऊन घरी परतले. आठवड्यानं ते डोळ्यांच्या डॉक्टरकडं रिक्षानं जाऊन आले आणि घरात न जाता आधी माझ्यात येऊन बसले. काचबिंदू. बाजूचं दिसणं गेलं ते परत येत नाही, असं कागदावर लिहिलेलं. तो कागद त्यांनी तीनदा वाचला, माझ्या पुढच्या कप्प्यात पार तळाशी घातला आणि कप्पा लावून टाकला.

सोमवारी काशम्मा डबा घेऊन दारात उभी.

"जायचं न्हवं?"

"अगं, गाडीत बिघाड हाय. बॅटरी उतरली."

घ्या! नाचता येईना, अंगण वाकडं म्हणतात ना, त्यातलं वाकडं अंगण म्हणजे मी. पुढं क्लच झाला, मग गिअर झाला, मग चौपदरी रस्त्याला लई ट्रक झाले. मला राग यायचा. पण त्यांची कीवही यायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर सही करणारा माणूस, "मला दिसत नाही" एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघेना.

गंमत अशी की तेव्हापासून त्यांनी माझी जी सेवा केली, तशी सेवा कुणाच्या वाट्याला येत नाही. दर सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे. उंदरांनी वायरी खाऊ नयेत म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पानं. टायरांत घरच्या पंपानं मोजून हवा. राजशेखर मेकॅनिक घरी यायचा, इकडं तिकडं बघायचा आणि डोकं खाजवायचा.

"काका, गाडी एक नंबर हाय. पण नुसतं उभ्यानं चालू करून भागत न्हाय. आठवड्याला धा-पंधरा किलोमीटर फिरवा की! न्हायतर ब्रेक धरत्यात, टायर एका अंगाला बसत्यात. गाडीला चालणं हेच औषध."

"हळू बोल की रे," अप्पा स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघत म्हणायचे.

मी चालायची ती फक्त अमावस्येला. धुऊन पुसून बॉनेटवर विभूतीची तीन बोटं, हार, नारळ, चाकांखाली लिंबं. अप्पा मला पुढं घ्यायचे, लिंबं चिरडायची, की लगेच मागं. माझा महिन्याचा प्रवास तेवढाच. काशम्मा उंबऱ्यातून बघायची आणि तिचा चेहरा उजळायचा.

"चालली की! जाऊया का अक्काकडं?"

"आमुशाला कुणी परगावी जातंय व्हय? उद्या बघू."

उद्या पुन्हा मी आजारी.

एकदा ती म्हणाली, "मी रिक्षा करून जाऊन येते." तर अप्पा उसळले. "दारात गाडी असताना रिक्षानं? मंद्रूपात लोक काय म्हणतील, अप्पानं गाडी इकली म्हणतील. आठ दिवस कळ काढ." तिनं काढली. शंभर वेळा आठ-आठ दिवस काढले तिनं. कधी कधी अप्पा झोपले की दुपारची हळूच बाहेर यायची, कापड बाजूला करून माझ्यावर हात फिरवायची आणि म्हणायची, "बरी हो गं बाई लवकर. अक्का वाट बघतीया." मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

या वैशाखात एका सकाळी फोन आला. नागम्माचा मुलगा प्रभुलिंग बोलत होता. काशम्मा फोन ठेवून थेट येऊन माझ्यात बसली. चप्पल एका पायात होती, दुसऱ्या पायात नव्हती.

"अहो, चला. अक्काचं काय खरं न्हाय. माझं नाव घेतीया."

अप्पांनी कापड काढलं, फाटक उघडलं, आत बसले. किल्ली फिरवली. मी चालू झाले. मनापासून झाले. म्हटलं, आज तरी. त्यांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं, डावीकडं मान वळवली, उजवीकडं वळवली, पुन्हा डावीकडं. गल्लीत माणूस नव्हतं. तरी त्यांचा पाय क्लचवरून उठेना. शेवटी त्यांनी किल्ली मागं फिरवली.

"न्हाय व्हायचं. बिघाड हाय."

"अहो, चालू हुती की!" काशम्मा ओरडली. "मी आतच बसलीया. मला कळत न्हाय व्हय?"

अप्पांनी कपाळ स्टेअरिंगला टेकलं.

"गाडीत काय बी न्हाय, काशी. मला दिसत न्हाय."

काशम्मानं दार ढकललं. दाराला धरून उतरली आणि त्या गुडघ्यांनी कोपऱ्यापर्यंत चालत गेली. अप्पा मागून धावले. कोपऱ्यावर रिक्षा उभीच होती. दोघं मंद्रूपला पोचली तेव्हा नागम्माला जाऊन अर्धा तास झाला होता.

सगळं कार्य आटोपल्यावर दोघं माझ्यापाशी उभी होती. काशम्मा रडत नव्हती. शांतपणे म्हणाली, "रिक्षा दोन वर्षं त्याच कोपऱ्यावर हुती. तुमी एकदा म्हणला असता तर मी दर सोमवारी गेले असते. मी हिची वाट बघत बसले."

ते ऐकलं आणि माझी सगळी ऐट उतरली. मी खरंच मोडले असते, भंगारात गेले असते, तर ती माउली कधीच बहिणीकडं पोचली असती. मी धडधाकट होते म्हणून तिला थांबावं लागलं. या अपराधाला कुठला मेकॅनिक आहे?

अप्पा अजूनही सोमवारी मला चालू करतात. का, ते त्यांनाही सांगता येणार नाही. विकायचं नाव काढत नाहीत. स्वयंपाकघराची खिडकी बंद असते. काशम्मा त्यांना वेळेवर जेवायला वाढते, दिवसातून दोनदा त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालते, पण बोलत नाही. शेजारी मात्र फाटकाशी थांबून म्हणतात, "काका, गाडी नव्यागत ठिवलीया बघा!"

बाबांनो, तुमच्या दारातही माझ्यासारखी एखादी पुसून-झाकून ठेवलेली असेल. तिला जपा, माझं काही म्हणणं नाही. पण ज्याला जायचंय त्याला तिच्यासाठी थांबवू नका. रिक्षानं जाऊ द्या, एसटीनं जाऊ द्या, कुणाच्या मागं बसून जाऊ द्या. आज जाऊ द्या.

मला आता कुणी दुरुस्त करायचं राहिलेलं नाही. पेट्रोल आहे, हवा आहे, रस्ताही आहे. काशम्मालाच आता कुठं जायचं नाही.