आज डावीकडे

राजसबाईंनी कॉफीचा फिल्टर तसाच ठेवला आणि भिंतीला कान लावला. पलीकडच्या त्यांच्याच दोन खोल्यांत पुण्याहून चेन्नईला आलेलं जोडपं भाड्यानं राहत होतं.

“आज डावीकडे मार,” ऋजुता नवऱ्याला सांगत होती. “उजवीकडचं अजून ठणकतंय.”

“मग हलू नकोस,” मंदार म्हणाला.

म्हणजे मार खायचा, आणि वर कुठे ते आपणच सांगायचं? राजसबाईंचं डोकं भणाणलं. दिसायला कसा सालस मुलगा, ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर; पण दिवसाआड संध्याकाळी दार लावून घ्यायचा. रविवारी कपडे वाळत घालताना ऋजुताची बाही वर सरकली, तेव्हा दंडावर रुपयाएवढे लाल चट्टे दिसले होते. दोन तर निळे पडलेले.

“अय्यो, हे काय की ग?”

“डास चावले, मामी.”

डास काय असे बोटबोट अंतर सोडून चावतात? नुंगंबाक्कममध्ये जन्म गेला त्यांचा, डास त्यांना कोण शिकवणार.

त्यांनी भाडेकरार काढला, त्यावरचा ऋजुताच्या वडिलांचा नंबर फिरवला. “जावई मारतो तुमचा. पोरीला घेऊन जा,” एवढं सांगून फोन ठेवला आणि तरातरा जाऊन शेजारचं दार ठोठावलं.

मंदारनं दार उघडलं. त्याच्या एका हातात इंजेक्शन होतं, दुसऱ्यात रुमालात गुंडाळलेला बर्फ.

“नसांचा आजार आहे मला, मामी. एमएस म्हणतात,” बाही सारखी करत ऋजुता म्हणाली. “या इंजेक्शननं आटोक्यात राहतो. चट्टे त्या औषधाचेच.”

“आमच्या तंजावरी मराठीत सुई घालतात,” राजसबाई पुटपुटल्या. “मारत नाहीत.” मग त्यांनी चाचरत फोनचं सांगितलं.

ऋजुता पांढरीफटक पडली. “बाबांचं बायपास होऊन महिनाच झालाय. आजाराचं त्यांना कळूच दिलं नव्हतं आम्ही.”

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. बाबांचाच नंबर होता.

“आता खरं सांगायलाच हवं,” म्हणत तिनं हात पुढे केला. मंदारनं हातातलं खाली ठेवून तिच्या आधी तो उचलला.

“नको. माझ्यावर चिडतील, तेवढं त्यांना झेपेल.”

पलीकडचा आवाज राजसबाईंनाही ऐकू येत होता. मंदारनं तो सगळा खाली मानेनं ऐकून घेतला.

“हो बाबा,” तो म्हणाला. “चुकलं माझं. पुन्हा हात नाही उचलणार.”