दगडाबाईचा काटा आणि चाळीस किलोचा गट

एप्रिल महिना, दुपारचे बारा, आणि अंगात दोन-दोन स्वेटर घालून बाळकुमच्या बांधावरून आमची जनी धावत होती. मागून सायकलवर परशुराम. गळ्यात शिट्टी, डोक्याला ओला रुमाल, हँडलला वडापावची पिशवी. घाम पोरींनी गाळायचा आणि भूक याला लागायची, असा आमच्या खाडीकाठ क्रीडा मंडळाचा सगळा कारभार.

मी दगडाबाई. खाडीच्या धक्क्यावर कोलंबी विकते, म्हातारा गेल्यापासून एकटीच. जनी माझ्या शेजारच्या सगुणाची पोर. तेरा वर्षांची, पण कबड्डीत चढाईला गेली की समोरच्या सात जणी मागं सरकतात. म्हणून तर परशुराम तिच्यावर जीव टाकून होता. जीव म्हणजे तिचाच, स्वतःचा नाही.

त्या दिवशी सगुणाची मासळी लवकर खपली. ठाण्याहून रिकामी पाटी घेऊन ती बांधावरून आली आणि समोर बघते तर ही अशी वरात. मी उघाडीजवळ, खाडीचं पाणी अडवायच्या झडपेपाशी, जाळी सुकत घालत होते, त्यामुळं सगळं माझ्या डोळ्यांपुढं झालं.

सगुणानं पाटी खाली टाकली. "परशा, पोरीचे अंगात हे सवेटर कनाला?"

"वजन उतरवाला, वयनी. परवा डोंबिवलीला सामने हायत. चाळीस किलोचा गट. हिचा अजून अर्धा किलो जास्त भरतंय."

"सकाली काय खाल्लंस गो?" सगुणानं जनीला विचारलं.

"लिंबू चाटला."

"आन पानी?"

"पानी पन वजनात धरतान, आय." पोर धापा टाकत आईलाच शिकवायला लागली. ओठ पार फुटलेले तिचे.

सगुणाचा आवाज चढला. "सारे ठान्याला मी मासली खाऊ घालते, आन माझी पोर लिंबू चाटते? चल घरी."

परशुराम सायकलवरून उतरला सुद्धा नाही. "वयनी, सरावाचे जाग्यावर बायांनी याचा नाय, मंडलाचा नियम हाय. आया आल्या का पोरी मऊ पडतान." हा नियम कोणी केला, तर यानंच. मंडळात चौदा बापये आणि बाई औषधाला नाही.

सगुणानं जनीचा दंड धरला. तेवढ्यात पोरच रडवेली झाली. "आय, जाव दे ना. सर मना संघातून काढतील."

आता बोला. सगुणाचा हात ढिला पडला. त्या पोरीला दुसरं काय होतं? शाळा कधीच सुटलेली, सकाळी बर्फ फोडायचा, दुपारी कबड्डी. तेवढा एक तास ती कोणीतरी असायची. आणि ते परशुरामाला बरोबर ठाऊक होतं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे, आणि ती सांगताना मला माझीच लाज वाटते. महिन्यापूर्वी हाच परशुराम सातही पोरींना घेऊन धक्क्यावर आला होता. मंडळाकडं कप ठेवायला काचेचं कपाट होतं, पण वजनाचा काटा नव्हता. म्हणून माझा टांगता काटा त्यानं मागितला. माश्यांचीच मोठी पाटी हुकाला लावली आणि पोरी एकेक करून तिच्यात बसल्या. एकीकडं बोईटांचा ढीग, एकीकडं या. खिदळत होत्या सगळ्या. जनीचा काटा बेचाळीसवर थांबला. परशुरामानं वहीत लिहिलं, आणि त्या दिवसापासून जनीचा भात बंद झाला. पुढची वजनंही माझ्याच काट्यावर.

आता, माझा काटा दोन किलो जास्त दाखवतो. पाटीमागं दोन किलो माझे, गेली अकरा वर्षं. ठाण्याच्या हॉटेलवाल्यांना विकायचं म्हणजे तेवढं लागतं. हे मला ठाऊक होतं, तरी मी त्या दिवशी गप्प बसले. म्हटलं, गेले दोन किलो तर काय होतंय, पोर सडपातळ होईल. धंद्याची अब्रू जायला नको. असली मी.

तर सगुणा तिथं उभी राहिली आणि जनी पुन्हा धावायला लागली. वीस पावलं गेली असेल. उघाडीजवळ तिचे पाय वेडेवाकडे पडले आणि ती बांधाच्या कडेला चिखलात आडवी झाली.

आम्ही धावलो. परशुराम पण आला, आणि त्यानं काय करावं? शिट्टी वाजवली. बेशुद्ध पडलेल्या पोरीच्या कानाशी शिट्टी. "उठ, जने. नाटक करतेस." सगुणानं त्याला असा ढकलला की तो सायकलसकट खाजणाच्या चिखलात गेला. मी स्वेटर काढले, पदर भिजवून तोंडावरून फिरवला. पोरीच्या बरगड्या मोजता येत होत्या. इतक्या वर्षांत मी रडले नव्हते, तेव्हा रडले.

जनीनं डोळे उघडले. पहिला शब्द काय, तर, "सर, किती भरला?"

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. तोवर खारीवरच्या शेतांतली दहा-वीस माणसं जमली होती. त्यांच्यासमोर मी म्हटलं, "पोरीचा वजन कधी जास्त नव्हताच. माझा काटा खोटा हाय. दोन किलो वरती दाखवतं. ती पयले दिवशी पन चालीसच होती."

सगुणानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पोरीला पाठुंगळी घेऊन निघून गेली.

दिवेलागणीला गावदेवीच्या देवळापुढं मंडळाची बैठक बसली. मला वाटलं, परशुरामाची आज काही धडगत नाही. कसलं काय. बैठकीचा विषय माझा काटा. उपाशी पोरीचं नाव नाही कोणाच्या तोंडात. धोंडिबा, जो स्वतः बर्फाखाली शिळी मासळी दडपून विकतो, तो उठून म्हणाला, "आपले गावान असला खोटेपना चालाचा नाय." मी सगळ्यांपुढं हात जोडले, चुकले म्हटलं. काटा खाडीत टाकायचं ठरलं.

मग परशुराम उठला. अंगावर कोरडे कपडे, चेहऱ्यावर तेज. "एक आनंदाची गोष्ट हाय. खऱ्या हिशेबानी जनी आता साडेअडतीस भरते. म्हंजे परवा ती बिनधास खेलनार." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. देवाशपथ, टाळ्या वाजवल्या.

सगुणा मागं खांबाशी उभी होती. ती पुढं आली. "परवा जनी खेलनार नाय. परवा जनी जेवनार हाय."

"वयनी, गावाचे नावाचा सवाल हाय."

"गावाला सांग दोन दिस लिंबू चाटाला."

तिच्यामागून रखमाबाई उठली. "माझी पन नाय येनार." मग एकेक करून सातही आया. परशुराम एकीकडून दुसरीकडं नुसता बघत राहिला. संघच उरला नाही, शिट्टी फुंकायची कोणासाठी? डोंबिवलीचा सामना गेला. चार दिवसांनी तो स्वतः सगुणाच्या दारात आला, आणि तिनं उंबऱ्यातच त्याला ऐकवलं. सरावाला रोज एक बाई बसणार. पाण्याचा माठ भरलेला पाहिजे. पोरींची वजनं दवाखान्यात होतील आणि भात कोणाचाही बंद होणार नाही. यानं मुकाट्यानं मान हलवली.

"पयली पाली काकीची," सगुणा माझ्याकडं न बघता म्हणाली.

"माझी? माझेवर भरवसा हाय तुना?"

"नाय. पन तुना ठाव होता, आन तू गप रायलीस. आता गप रावाचा नाय. रोज याचा, उन्हान बसाचा."

दुसऱ्या दिवशी माठाशेजारी पाट टाकून मी बसले. परशुराम आला, शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि थांबला. "काकी, दोन फेऱ्या धावू देव का?"

"आधी जेवल्या का इचार. एकेकीला."

भर उन्हात उभा राहून त्यानं सातही पोरींना विचारलं. जनी शेवटची होती. तिनं घाई केली नाही. तांदळाची भाकर, ओल्या बोंबलाचं कालवण, मग भात, परत थोडं कालवण, वर अर्धा आंबा. आंबा कोणी आणला तेही सांगितलं. परशुराम घाम पुसत शेवटपर्यंत ऐकत होता.