दिसू नयेत अशा गाठी

साल होतं १९७४. त्या वर्षी मदुरैला चित्रै महिन्याच्या जत्रेत अळगर देव हिरवं रेशीम नेसून वैगई नदीत उतरला, तेव्हा सगळे म्हणाले की आता वर्ष चांगलं जाणार. मी मात्र त्याच वर्षी हिरवी होते ती काळी झाले.

मित्रांनो, मी एक जुनी काळी बनात आहे. बनात म्हणजे लोकरीचं जाड, मऊ कापड. माझं पहिलं आयुष्य गिरणीच्या साहेबांच्या क्लबात, बिलियर्ड्सच्या टेबलावर गेलं. क्लब बंद पडला, तेव्हा मला फुकट मागून नेणारी एकच व्यक्ती निघाली, ती म्हणजे डॉक्टर मीनलोचनी. त्यांचा डोळ्यांचा धर्मादाय दवाखाना भाड्याच्या घरात होता. अकरा खाटा, एक विहीर आणि दारात जाईचा वेल.

मोतीबिंदू काढायला माणसं लांबून चालत येत. तो काढला की दृष्टी परत येई आणि घरोघर गोड भात शिजे. पण डॉक्टरांना झोप येऊ देत नव्हता तो दुसराच आजार, काचबिंदू. त्यात डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसणं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. लोक मात्र म्हणत, "मोतीबिंदूच असेल, पिकू दे, मग जाऊ." पिकण्याची वाट पाहता पाहता अंधार होई. असे किती लोक आहेत, कुठल्या घरांत आहेत, हे डॉक्टरांना घरोघर जाऊन शोधायचं होतं. त्यासाठी एक काळा पडदा हवा होता. परदेशातून मागवण्याची ऐपत नव्हती, म्हणून मी आले.

मला रंगवलं तुळसीरामय्यानं. तो कृष्णरायर तळ्याजवळच्या सौराष्ट्र गल्लीतला रंगारी. त्या गल्लीतले लोक शेकडो वर्षांपूर्वी सौराष्ट्रातून आलेले रेशीमवाले. त्यांच्या बायका सुंगुडीच्या साड्या बांधत. कापडाची चिमूट उचलायची, तिला दोऱ्याचे वेढे द्यायचे, अशा हजारो गाठी मारायच्या. मग कापड रंगात बुडवायचं आणि वाळल्यावर गाठी सोडायच्या, की जिथे गाठ होती तिथे पांढरा ठिपका उमलतो.

"डॉक्टरअम्मा, ही मेंढी माझ्या हंड्यात?" तुळसीरामय्यानं मला दोन बोटांत धरून विचारलं. "माझा हंडा सुताचा आहे. बाटेल तो."

त्याची बायको कुंतलाबाई उंबऱ्यात बसून गाठी मारत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हंड्याचं राहू द्या. मागच्या महिन्यात जांभळा सांगितला होता, तुम्ही सडकं वांगं काढलंत. आता काळा तरी काळाच काढा."

पहिल्या बुडीत मी सडक्या वांग्यासारखीच निघाले. तिसऱ्या बुडीला काळी झाले.

मग डॉक्टरांनी माझ्या मधोमध एक पांढरं बटण लावलं आणि खडूनं त्याच्याभोवती सहा वर्तुळं आखली. प्रत्येक वर्तुळावर ठरावीक अंतरानं काळ्या दोऱ्याची इवलीशी गाठ हवी होती. तपासणाऱ्याच्या हाताला ती लागावी, पण समोर बसलेल्याला दिसू नये.

"दिसू नये अशी गाठ?" कुंतलाबाई हसायलाच लागली. "जन्मभर दिसाव्यात म्हणून बांधल्या हो!"

पण तिनं बांधल्या. दोन दुपारी ती मला मांडीवर घेऊन बसली होती. ती गाठींकडे बघतसुद्धा नव्हती. बोटंच बघत होती. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं. पुढे त्याच गोष्टीची भीती वाटू लागली.

माझ्यासमोर पहिली बसली तीही कुंतलाबाईच. माझं काम असं चाले. माणसानं खुर्चीवर बसायचं, एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्यानं बटणाकडे टक लावून बघायचं. दवाखान्यातली परिचारिका सिस्टर अरुळमेरी एका काळ्या काठीच्या टोकाला बसवलेली पांढरी टिकली माझ्यावरून फिरवी. टिकली दिसली की 'दिसली' म्हणायचं, नाहीशी झाली की 'गेली'. त्या जागांवरून डॉक्टर कागदावर नकाशा काढत.

काठी तिसऱ्या वर्तुळाशी आली आणि कुंतलाबाई किंचाळली, "गेली! अगं बाई, या कापडानं टिकली गिळली!"

"घाबरू नकोस," डॉक्टर म्हणाल्या. "डोळ्यातून नस जिथून बाहेर जाते तिथे सगळ्यांच्याच दिसण्यात एवढं भोक असतं. मलाही आहे."

"तुम्हालासुद्धा? एवढं शिकून?"

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली आपापलं भोक बघायला रांगेत उभी! मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात आनंदाचे दिवस. येताना बायका पांगाऱ्याच्या पानांचे वडे डब्यात आणत, आणि खोलीत मोगऱ्याचा नि तळणाचा वास एकत्र दरवळे. त्यांना घरोघर जाऊन बोलावून आणायची कुंतलाबाईच. डॉक्टरांचं ते संशोधन तिच्या पायांवर चालत होतं म्हणा ना.

पण तिच्या घरात एक गोष्ट होती. तिची आई पन्नाशीत आंधळी झाली होती. म्हणून डॉक्टरांनी तिला बजावलं, "दर सहा महिन्यांनी इथे बसायचं. आणि हे थेंब दिवसातून चारदा घालायचे. तुझा दाब मला जरा जास्त वाटतोय."

ती दर सहा महिन्यांनी आली. दर वेळी न चुकता 'दिसली, दिसली' म्हणाली, तिसऱ्या वर्तुळाशी 'गेली' म्हणाली आणि पुन्हा 'दिसली'. तिचा कागद गल्लीत सगळ्यात स्वच्छ निघे. घरी जाताना ती मीनाक्षीच्या देवळात चांदीचे दोन छोटे डोळे वाहून जाई.

मला मात्र काहीतरी वेगळं जाणवत होतं. खुर्चीकडे येताना ती डाव्या बाजूच्या स्टुलाला अडखळे. एकदा डावीकडे ठेवलेला कॉफीचा पेला तिच्या कोपरानं उडाला आणि ती हसून म्हणाली, "सिस्टर, तुमचे पेले फार उड्या मारतात हो!" सगळे हसले. मीही हसले असते.

१९७६च्या थाई महिन्यातली, पोंगलच्या सुमाराची, एक दुपार मला अजून लख्ख आठवते. डॉक्टर तिच्या डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ बघत राहिल्या. नस फिकट पडली होती. मग त्यांनी तिचे जुने कागद पुढ्यात मांडले. ते सगळे स्वच्छ होते. डोळा एक सांगत होता आणि कागद दुसरंच.

सिस्टरच्या हातून त्यांनी काठी घेतली आणि टिकली उलटी केली. टिकलीची मागची बाजू काळी होती, माझ्याच रंगाची. माझ्यावर ठेवल्यावर ती कुणालाच दिसणं शक्य नव्हतं. खोली बंद होती, पंखा बंद होता. काठी माझ्या कडेवरून आत सरकू लागली.

"दिसली," कुंतलाबाई म्हणाली.

सिस्टर अरुळमेरीनं तोंडावर हात ठेवला. काठी पुढे गेली. तिसऱ्या वर्तुळाशी आली.

"गेली." आणि थोड्या वेळानं, "दिसली."

"कुंतला," डॉक्टर म्हणाल्या, "टिकली उलटी आहे गं."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. ती डोळ्यांनी नव्हे, कानांनी उत्तरं देत होती. काठी माझ्या लवेवरून सरकली की खसखस असा बारीक आवाज होतो, आणि गाठीवरून गेली की हलकंसं टुक. गाठी तिनंच तर बांधलेल्या! कितव्या टुकला 'गेली' म्हणायचं हे तिला पाठ होतं. जवळजवळ दोन वर्षं मीच तिला उत्तरं सांगत होते.

"देवीला चांदीचे डोळे आणि मला खोटे कागद!" डॉक्टरांचा आवाज चढला. "आणि थेंब?"

"थेंब घातले की सगळं अंधुक होतं. मग गाठ कशी बांधू?" ती खाली बघून म्हणाली. "बांधणीवालीची नजर गेली म्हटलं की कोण कापड देणार? माझ्या आईला कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं, डॉक्टरअम्मा. कोणी जेवायला वाढलं की जेवायची. मला त्या कोपऱ्यात नव्हतं बसायचं."

"अगं पण तुला कोपऱ्यातून बाहेर ठेवायलाच तर आम्ही..." डॉक्टरांनी ते स्वच्छ कागद बाजूला सारले.

सिस्टर अरुळमेरी तशी शांत बाई. पण ती पुढे झाली आणि कुंतलाबाईच्या खांद्याला धरून म्हणाली, "अक्का, तुझ्या पद्मिनीचं काय? आईचं तुला आलं. तुझं तिला आलं तर? तीही तुझ्यासारखी हुशार आहे. तीही आवाज ऐकूनच सांगेल."

पद्मिनी तिची एकुलती एक मुलगी, सतरा वर्षांची. त्या वेळी ती बाहेर ओट्यावर आईच्या चपला सांभाळत बसली होती.

कुंतलाबाईनं दाराकडे, ओट्याच्या दिशेनं मान वळवली. मग तिनं पदरानं डोळे पुसले, डावा हात उजव्या डोळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "टिकली सरळ करा. पुन्हा घ्या."

काठी सरकू लागली. मी आवाज करणार नाही असं ठरवलं होतं, पण कापडाच्या हातात काय असतं? खसखस झालीच. पहिली गाठ आली, टुक. ती गप्प. दुसरी गाठ, टुक. तिचे ओठ हलले. आवाज तिला ऐकू येत होता, हे मला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं. तिला फक्त 'दिसली' म्हणायचं होतं. तिनं ओठ मिटून घेतले. तिसरी. चौथी. भिंतीवरचं घड्याळ आणि मी, एवढेच दोघं बोलत होतो. पार बटणाजवळ आल्यावर ती हळूच म्हणाली, "आता दिसली."

इतकं खरं मौन मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

डाव्या डोळ्याचं निम्म्याहून जास्त गेलेलं निघालं. उजव्याचा वरचा एक तुकडाच गेला होता. जे गेलं ते गेलं. उरलेलं राखायचं होतं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करून आतल्या पाण्याला वाट करून दिली, पुढे डाव्यावरही केली. तुळसीरामय्या तीन दिवस खाटेजवळ बसून होता. "मला का नाही सांगितलंस?" असं तो एकदाच म्हणाला. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर कीव करून तुम्ही रंगसुद्धा मला विचारून काढला असतात." त्यावर तो रडता रडता हसला.

बरी झाल्यावर तिनं स्वतःचा तो खरा कागद मागून नेला. महिन्याभरानं ती एक काळं सुंगुडी कापड घेऊन आली. सगळीकडे पांढरे ठिपके होते, फक्त एका मोठ्या जागेत एकही नव्हता.

"हा माझा डावा डोळा," ती म्हणाली. "मला हे भोक दिसतच नाही हो, डॉक्टरअम्मा. काळंबिळं काही दिसत नाही, तिथे नुसतं काही नसतं. म्हणून बांधून बघितलं."

डॉक्टरांनी ते कापड माझ्या शेजारी टांगलं. खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाला आधी ते दाखवत आणि सांगत, "खोटं 'दिसली' म्हणालात तर असं होतं." त्या दिवसापासून आणखी तीन रिवाज पडले. प्रत्येकाला एकदा तरी उलटी टिकली दाखवायची, आणि काठी माझ्यापासून बोटभर दूर धरून फिरवायची. आणि ज्याला काचबिंदू निघेल त्याच्या भावंडांना, मुलाबाळांनाही बोलावून बसवायचं. त्या शेवटच्या रिवाजानं गल्लीत किती डोळे वाचले, त्याची यादी डॉक्टरांच्या कपाटात होती. मी फक्त चेहरे ओळखते.

पुढे नवं यंत्र आलं. पांढऱ्या वाडग्यासारखं. त्यात उजेडाचे ठिपके आपोआप चमकतात, आणि माणूस बटण दाबतो. बिचारं चांगलं आहे, आवाजच करत नाही. मला घडी करून माळ्यावर टाकलं. कसर लागली. कुणीतरी मला इस्त्रीखाली अंथरलं, एक कोपरा जळाला. निवृत्तीच्या दिवशी सामान आवरताना सिस्टर अरुळमेरीनं मला पाहिलं आणि ती कपडे इस्त्री करणाऱ्या बाईवर ओरडली, "अगं, ही कोण आहे ठाऊक आहे का तुला?" तेव्हापासून मी दवाखान्याच्या नव्या इमारतीच्या पायऱ्यांशी, काचेच्या कपाटात आहे.

आता सगळ्यांचं सांगते. डॉक्टर मीनलोचनी शेवटपर्यंत तपासत राहिल्या. त्यांची खुर्ची अजून कुणी हलवलेली नाही. सिस्टर अरुळमेरी नागरकोविलला भाचीकडे गेली. नाताळला तिचं पत्र येई, ते बारा वर्षांपूर्वी थांबलं. तुळसीरामय्या गेला तेव्हा त्याच्या नखांत निळा रंग होता. पद्मिनीचा दाब तिसाव्या वर्षी वाढलेला सापडला, पण वेळेवर सापडला. आज ती साठीच्या पुढे आहे, दिवसातून दोनदा थेंब घालते आणि सुईत दोरा स्वतः ओवते.

आणि कुंतलाबाई त्र्याऐंशी वर्षं जगली, कुठल्याही कोपऱ्यात न बसता. शेवटच्या वर्षी ती पद्मिनीचा हात धरून इथे आली होती. कपाट उघडायला लावून तिनं माझ्यावरून बोटं फिरवली आणि तिसऱ्या वर्तुळाशी थांबली. "अजून घट्ट आहेत," म्हणाली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या आजीचा पेला वारंवार उडत असेल, आजोबा दाराच्या चौकटीला धडकत असतील, तर हसून सोडून देऊ नका. कान आणि बोटं फार प्रेमळ असतात, डोळ्यांची चूक ती झाकून घेतात. त्यांना तपासायला घेऊन जा, आणि स्वतःही बसा. दिसलं तर दिसलं म्हणा. नाही दिसलं तर, कुंतलाबाईसारखे, धीर धरून गप्प राहा.

सुंगुडीच्या गाठी सोडण्यासाठीच बांधतात. माझ्या तिनं तशाच ठेवल्या.