पाठीवरून कापलेला कायदा

मित्रांनो, आधी बोटं लांब ठेवा. मी एक जुना लोखंडी कटर आहे आणि पुस्तकं कापणं हा माझा धंदा होता.

दैगू शहरातल्या भट्टीत माझा जन्म झाला. अंगावर घण बसले, ठिणग्या उडाल्या, मग हातभर पातं जबड्यात आलं. तिथून मी राजधानीत, सोलला आलो, लॉ कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर, अम बोक-हुईबाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात. मुलं त्यांना मावशी म्हणत. जाडजूड पुस्तक आणायचं, पाठ उडवून त्याचे तुकडे करायचे आणि त्या दिवशी लागेल तेवढाच तुकडा दप्तरात टाकायचा, ही तिथली रीत. मी पाठी फोडायचो. डिंकाच्या खपल्या उडायच्या. "मावशी, तुमचा कसाई झकास आहे!" मुलं म्हणायची. मी फुगायचो.

गिऱ्हाइकंही माझ्याच जातीची. दुसऱ्याचे मार्क घसरले की आपला नंबर वर, म्हणून ग्रंथालयातल्या पुस्तकांची नेमकी पानं फाडणारी. त्यात प्यो ग्यू-हो बौद्धिक संपदा कायद्यात पहिला. चालायचा असा, की निकाल आधीच लागलाय.

त्या वर्षी या विषयाचं नेमलेलं पुस्तक बाजारात संपलं. परीक्षा तोंडावर. ग्यू-हो एक प्रत घेऊन आला. "मावशी, सगळ्या वर्गाला अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून द्या."

मावशी याच कारणासाठी एकदा पकडल्या गेल्या होत्या. पुन्हा सापडल्या तर दुकानाला टाळं. "नको रे बाबा. माझ्या पोटावर पाय देतोस?"

"स्वतःच्या अभ्यासासाठी नक्कल चालते. हे बघा, कायद्यातच आहे!" त्याने आपल्या कायद्याच्या पुस्तकाचा पहिला तुकडा नाचवला.

"नक्की ना, वकीलसाहेब?"

"मी सांगतोय ना!"

झेरॉक्सचे गठ्ठे कडा कापायला माझ्या जबड्याखाली आले आणि चोरट्या नकला पकडणारा सरकारी तपासनीस बांग दारात उभा राहिला. ग्यू-हो आडवा आला. कलम घडाघडा वाचून दाखवलं.

"पुढचं वाच," बांग म्हणाला.

"पुढे काही नाही."

"पान उलट."

पान नव्हतं. ग्यू-होनेच बोट ठेवून तिथे कापायला सांगितलं होतं. पुढचा मजकूर वसतिगृहावर, दुसऱ्या तुकड्यात. बांगला तो पाठ होता: परंतु दुकानातल्या यंत्रावर काढलेल्या नकलेला ही सूट नाही.

ग्यू-होचं डोकं फिरलं. त्याने बांगला ढकललं. बांगने त्याला कॉलर धरून भिंतीवर आपटलं. झेरॉक्स यंत्राची काच फुटली, शाईची काळी भुकटी उधळली. गठ्ठे ओढून लपवायला ग्यू-होने माझ्या जबड्यात हात घातला, आणि झटापटीत बांगचा खांदा माझ्या दांड्यावर आदळला. मित्रांनो, मला कागद आणि हाड यांतला फरक कळत नाही. दोन बोटांची टोकं पानांवर पडली.

"हात वर धर, गाढवा! वर!" मावशींनी एप्रन फाडून त्याची मूठ आवळली. रक्त त्यांच्या कोपरापर्यंत आलं.

टाळं लावायच्या दिवशी बांगने विचारलं, "बाई, हे चालतं असं कुणी सांगितलं? नाव द्या, दुकान कदाचित वाचेल."

मावशींनी दारात उभ्या, हाताला पट्टी बांधलेल्या ग्यू-होकडे पाहिलं. "कुणी नाही. माझंच डोकं."

ग्यू-होचे ओठ हलले. मग त्याने नुसताच घसा साफ केला.

आता मी भंगारात गंजतो. मित्रांनो, यंत्रांना तेल द्या, पुस्तकं जपा, कापलीत तर पुढचा तुकडाही वाचा. पण तुमच्या शब्दावर विसंबून कुणी पात्याखाली मान ठेवली असेल, तर तोंड उघडा. मी लोखंडाचा, म्हणून गप्प उभा होतो. ग्यू-हो लोखंडाचा नव्हता.