व्हाळावरचा बांध

तिसऱ्या रविवारी सकाळी प्रांजल आणि तिची टोळी मुलुंडच्या मागच्या डोंगरात पोचली, तेव्हा त्यांच्या बंधाऱ्याची पार वाट लागली होती. दोन रविवार घाम गाळून पंधरा पोरापोरींनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरली होती आणि त्या ओढ्यात आडव्या रचल्या होत्या. नोव्हेंबर निम्मा सरला होता. ओढा आटायच्या आत पाणी अडलं, तर उन्हाळ्यात हरणांना प्यायला उरेल, असा बेत होता. आता गोण्या जागच्या जागी होत्या, पण पाणी त्यांच्या खालून खुशाल वाहत होतं.

बंधाऱ्याचा नकाशा केतनने काढला होता. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता तो. "व्हिडिओत बरोब्बर दाखवलं होतं यार," एवढंच म्हणून तो दगडावर बसून राहिला.

वनरक्षक नलिनीताईंनी ओढ्याकडे पाहिलं. "पुढचे फार तर दोन रविवार आहेत. त्यानंतर अडवायला पाणीच राहणार नाही."

प्रांजल नाहूरला घरी आली ती तोंड पाडूनच. वडील, सहदेव, भात कालवत होते. मरोळला लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा हा माणूस घरात मोजकंच बोलायचा. पण बंधाऱ्याची हकिगत ऐकताना त्यांचा हात थांबला.

"व्हाळाचो, त्या ओढ्याचो, तळ खरवडलास काय आधी?"

"म्हणजे?"

"वाळूवर गोणी ठेवलास, तर पाणी खालसून जातलाच! आमच्या गावाक दर वर्साक बांध घालीत. वायंगणाक, उन्हाळी भाताक पाणी होया ना."

मग ते अर्धा तास बोलत राहिले. व्हाळ कुठून वळवायचा, चिखल किती मळायचा, त्यात गवत का घालायचं. प्रांजलने त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"पप्पा, तुम्हीच चला ना."

"मी? तुमच्या कॉलेजच्या पोरांत?" ते लाजले. "तीस वर्सा झाली चिखलात पाय नाय घातलंय मी." पण शनिवारी त्यांनी गुपचूप जुनी हाफपँट काढून ठेवलेली तिने पाहिली.

रविवारी ओढ्यावर पोचताच सहदेवांनी सगळ्या गोण्या बाहेर काढायला सांगितल्या. केतनचा चेहरा उतरला. "काका, दोन रविवारची मेहनत आहे ती. नकाशाप्रमाणेच केलंय."

"नकाशो चांगलो आसा रे झिला. पण पाण्याक कागद वाचूक येना नाय."

सगळे हसले. केतन स्वतःही हसला, त्याने बूट काढले आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरला.

काम सुरू करण्याआधी सहदेवांनी नारळ ठेवला आणि हात जोडले. त्यांचा आवाज एकदम चढला. "बा देवा म्हाराजा! ह्या पोरांनी तुझ्या रानातल्या मुक्या जनावरांसाठी पाणी अडवूचा काम हातात घेतला हा, म्हाराजा!"

प्रांजलला देवाला घालायचं गावचं गाऱ्हाणं ठाऊक होतं. ती ओरडली, "होय म्हाराजा!"

"काय चूक झाली आसात, तर पोटात घे, म्हाराजा!"

आता पंधराही जण ओरडले, "होय म्हाराजा!"

"आणि ह्या केतनाक परीक्षेत पास कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज नलिनीताईंचा होता.

मग ओढा बाजूने वळवला. वाळू उपसून कठीण तळापर्यंत चर खणला. माती, पाणी आणि गवत एकत्र टाकून पोरं ते पायाने मळू लागली. कुणीतरी फोनवर गाणं लावलं आणि चिखल मळण्याचा नाच झाला. एक पोरगी घसरली, तिला उचलायला गेलेले दोघेही आडवे झाले. मग चरात चिखल ठासून त्यावर गोण्या पुन्हा रचल्या. सहदेव गुडघाभर चिखलात उभे राहून गोण्यांच्या फटी हाताने लिंपत होते, अधूनमधून ओरडत होते. "दाब रे! आणखी दाब!" प्रांजलला वाटलं, गावातला वीस वर्षांचा सहदेव असाच असणार.

दुपारी दोनला वळवलेलं पाणी परत सोडलं. सगळे काठावर बसून बघत राहिले. आधी घोट्याएवढं, मग पोटरीएवढं, मग गुडघ्याला लागलं. बंधाऱ्याच्या खाली फक्त एक बारीक ओल दिसत होती. केतनने काठीने खोली मोजली, पुन्हा मोजली आणि कपड्यांसकट त्यात उडी घेतली.

बुधवारी प्रांजल प्रॅक्टिकलला असताना नलिनीताईंनी ग्रुपवर फोटो टाकला. दोन चितळं, पाण्यात तोंड घातलेली. तिने तो वडिलांना पाठवला. मिनिटभरात त्यांचा फोन आला. मागे लिफ्टचा खडखडाट होता.

"बघलंय! इथे सगळ्यांका दाखवलंय!" ते धापा टाकत होते. "आणि गो, त्या व्हाळाक वरच्या अंगाक आणखी एक अरुंद जागा आसा. केतनाक सांग, नकाशो काढून ठेव म्हणान. ह्या रविवारी लवकर जाऊया."